दारू सोडून ४ महिने झाले, दहा वेळा सॉरी म्हटलं तरी बायको विश्वास ठेवत नाही, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) बारा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीत अजून काय करायचं असतं?
नववी पायरी म्हणजे सॉरी नाही, भरपाई. मी एएच्या मीटिंगला जातो, तिथे आठव्या पायरीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करतात आणि नवव्यात शक्य तिथे स्वतः जाऊन नुकसान भरून काढतात, म्हणजे वाण्याच्या वहीतली उधारी फेडा, तिची बांगडी गहाण पडली असेल तर सोडवून आणा, पगार झाला की तिच्या हातात द्या, तिने न मागता, दर महिन्याला. सॉरी तर तिने तुम्ही पिऊन आल्यावरही शंभरदा ऐकलंय हो. फक्त जिथे खरं सांगून तिला किंवा तिसऱ्या कुणाला त्रासच होणार असेल तिथे थांबायचं, हे त्या पायरीतच लिहिलंय, अशा वेळी आधी स्पॉन्सरशी, म्हणजे एएमधल्या तुम्हाला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याशी, बोला. विश्वास कधी बसेल ते मात्र तिच्यावर सोडा, ४ महिने तिच्यासाठी फार थोडे आहेत.