टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, मग इंजेक्शन कधी घेऊ? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी पुरुषांच्या हार्मोनबद्दल एवढी पत्रं आली की बाकी सगळे विषय बाजूला ठेवले. नावं कुणाचीच छापत नाही, निवांत वाचा.

प्रश्न : वय ४१, वजन ९८ किलो. वर्षभर नुसता थकवा, कशात लक्ष लागत नाही, संध्याकाळी सोफ्यावरच डोळा लागतो. फुल बॉडी चेकअप केलं त्यात टेस्टोस्टेरॉन २७८ आलं, समोर लाल अक्षरात 'लो'. सँपल दुपारी चारला दिलं होतं. बायको म्हणते मी फार घोरतो, पण ते वेगळंच असेल. इंजेक्शन कधी सुरू करू?

उत्तर : जे तुम्ही 'वेगळंच असेल' म्हणून सोडून दिलंत ना, मी तिथूनच सुरुवात करणार. वजन जास्त, घोरणं जोरात, दिवसा झोप येते, म्हणजे आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा. झोपेत श्वास अडत असेल तर थकवा त्यानेच येतो, टेस्टोस्टेरॉनही त्यासोबत कमी दिसू शकतं, आणि गंभीर अ‍ॅप्निया तसाच ठेवून इंजेक्शन दिलं तर तो आणखी बिघडू शकतो.

आता तो २७८. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवसभरात उतरतं, जेवल्यावरही उतरतं. म्हणून तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या एका दिवशी परत. ताप, आजारपण चालू असताना तर नकोच. तुमचं सँपल दुपारी चारचं, त्यामुळे त्या लाल अक्षरांना मी फारशी किंमत देत नाही. शिवाय 'कमी' म्हणजे किती यावर तज्ज्ञांचंही एकमत नाहीये, अमेरिकेतली युरॉलॉजिस्टांची संघटना ३०० च्या खाली कमी धरते आणि एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये २६४ हा आकडा आहे, म्हणजे तुम्ही एकाकडे नापास आणि दुसरीकडे पास.

वजन जास्त असलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी होतं, मग टोटलचा आकडा खाली दिसतो पण शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारं फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. म्हणून सकाळचे दोन्ही रिपोर्ट कमी आले तर सोबत एसएचबीजी, आणि पिट्युटरी ग्रंथीतून येणारी एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासायला सांगा. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड वृषणात, कमी किंवा नॉर्मलच असेल तर वरती मेंदूतल्या पिट्युटरीकडे बघावं लागतं, क्वचित तिथे गाठही सापडते. हे न बघता थेट इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघा, स्पष्टच सांगतो.

आणखी एक, पत्रात लैंगिक इच्छा कमी झाल्याचं किंवा सकाळची ताठरता गेल्याचं काहीच नाही. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असेल तर ही लक्षणं जास्त पक्की. नुसता थकवा थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, डिप्रेशन, कशानेही येतो.

प्रश्न : वय ३३. जिममधल्या ट्रेनरने रिपोर्ट बघून सांगितलं की माझं टेस्टोस्टेरॉन बॉर्डरवर आहे, म्हणून त्याच्याकडूनच दर आठवड्याला इंजेक्शन घेतोय, दीड वर्ष झालं. बॉडी मस्त झाली, ताकद वाढली. आता आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय तर वीर्यतपासणीत शुक्रजंतू शून्य आले!! बायकोच्याही तपासण्या चालू आहेत. तिला इंजेक्शनचं माहीत नाही. हार्मोन वाढवल्यावर शुक्रजंतू वाढायला नकोत का?

उत्तर : वाढायला हवेत असंच सगळ्यांना वाटतं आणि इथेच बहुतेक जण फसतात. मेंदू रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर सतत लक्ष ठेवून असतो. ते कमी झालं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते, त्या हुकमावर वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू बनवतात. तुम्ही बाहेरून भरपूर माल आणून टाकलात, मेंदूने बघितलं गोदाम भरलंय, आतला कारखाना बंद. शुक्रजंतू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि इंजेक्शनने रक्तातलं वाढतं पण आतलं कोसळतं. वृषण आकाराने लहान झाल्यासारखे वाटत असतील तर तेही यामुळेच.

हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून यावर अभ्यास केला होता, १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट द्यायचे, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्रजंतू पूर्ण शून्यावर गेले. म्हणजे दीड वर्ष तुम्ही एक प्रकारे गर्भनिरोधकच घेताय, आणि त्याच वेळी मुलासाठी प्रयत्नही करताय.

चांगली बाजू अशी की बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात. पण पटकन नाही. सहा महिने ते वर्ष धरून चाला, काहींना दोन वर्षंही लागतात, आणि आधीपासूनच काही अडचण असेल तर पूर्ण येतीलच अशी हमी कुणी देऊ नये. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन तज्ज्ञ) किंवा पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणारा युरॉलॉजिस्ट गाठा. ते एचसीजीची इंजेक्शनं, क्लोमिफेन, गरज पडली तर एफएसएच अशी औषधं देऊन स्वतःची निर्मिती लवकर सुरू करायचा प्रयत्न करतात. मधले काही आठवडे, कधी काही महिने, वाईट जातात. मरगळ येते, चिडचिड होते, इच्छा मरते, आणि नेमकं त्याच वेळी ट्रेनर म्हणतो 'एक शॉट घे, बरं वाटेल'. तो शॉट घेतलात की परत पहिल्यापासून मोजायचं.

जाताना व्हायलचा फोटो घेऊन जा, लेबल नीट दिसेल असा. जिममध्ये मिळणाऱ्या बाटलीत नुसतं टेस्टोस्टेरॉनच असेल असं नाही, नँड्रोलोनसारखं दुसरं स्टेरॉइड मिसळलेलं किंवा वेगळंच लेबल लावलेलं असू शकतं. डॉक्टरपासून काही लपवू नका, ओरडले तर ओरडून घ्या.

आणि बायकोला आज सांगा. ती बिचारी सोनोग्राफी करतेय, रक्त देतेय, उद्या ट्यूब तपासायला टेबलावर झोपेल, आणि कारण तुमच्या बॅगेत आहे. हे मला या सगळ्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त खटकलं.

(ज्यांना खरोखर आजारासाठी टेस्टोस्टेरॉन लागणार आहे आणि मूल हवंय त्यांनी सुरू करायच्या आधीच डॉक्टरला तसं सांगायचं. वेगळी औषधं वापरता येतात, नाहीतर वीर्य गोठवून ठेवता येतं.)

प्रश्न : माझ्या मिस्टरांना डॉक्टरांनी खांद्याला लावायचं टेस्टोस्टेरॉन जेल दिलंय. नातू तीन वर्षांचा आहे, सारखा आजोबांच्या खांद्यावर. काही होणार नाही ना?

उत्तर : होऊ शकतं, बरं झालं विचारलंत. जेल कातडीवरून कातडीवर जातं. लहान मुलांमध्ये यामुळे गुप्तांगाभोवती केस येणं, लिंगाचा आकार वाढणं, चिडखोरपणा असे प्रकार झालेत, म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. मिस्टरांनी लावल्यावर हात साबणाने धुवायचे, जेल पूर्ण सुकू द्यायचं, मग अंगात शर्ट. नातवाला उघड्या खांद्यावर घ्यायचं असेल तर आधी ती जागा साबणाने धुवायची. तुम्हालाही लागू आहे हे, चेहऱ्यावर पुटकुळ्या किंवा नको तिथे केस दिसले तर डॉक्टरांना सांगा. जमत नसेल तर जेलऐवजी इंजेक्शन मागून घ्या, सोपं पडेल.

प्रश्न : वय ६६. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. सकाळचे दोन्ही रिपोर्ट कमी आले, इच्छा जवळपास नाहीच. हार्मोन तज्ज्ञ उपचार सुरू करूया म्हणतात पण मुलगा म्हणतो हार्ट अटॅक येईल, आणि सख्ख्या भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला होता.

उत्तर : मुलाची भीती अगदीच हवेतली नाहीये. हृदयाचा धोका वाढतो की काय हा वाद बरीच वर्षं चालू होता. मग २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, ४५ ते ८० वयाचे ५,२०० हून जास्त पुरुष, सगळे हृदयरोग असलेले किंवा धोका असलेले. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात जास्त झाले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे थोडं जास्त दिसलं, आणि फ्रॅक्चरही जास्त, ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. तेव्हा तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा होकार घेऊन सुरू करायला हरकत नसावी. अटॅक नुकताच येऊन गेला असता तर मी थांबा म्हटलं असतं.

प्रोस्टेटचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं की पसरलेला कॅन्सर आक्रसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, तेव्हापासून उलटही खरंच असणार असं धरून चाललो. उपचारामुळे नवा कॅन्सर होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण आत लपलेला असेल तर त्याला खतपाणी नको. भावाला होता म्हणून तुमची पट्टी कडक, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ३ च्या वर असेल तर आधी युरॉलॉजिस्ट. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात पीएसए १.४ हून जास्त वाढलं तरी तेच. आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, बघत राहायचं, ते ५४ टक्क्यांवर गेलं की रक्त दाट होतंय, औषध थांबवायचं किंवा डोस कमी करायचा.

अपेक्षाही माफक ठेवा. ६५ च्या पुढच्या ७९० पुरुषांवरच्या अभ्यासाचे निकाल २०१६ मध्ये आले, त्यात इच्छा बऱ्यापैकी सुधारली, पण उत्साह आणि दम यात फारसा फरक नाही पडला.

प्रश्न : एकदा सुरू केलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का?

उत्तर : कारण काय आहे त्यावर. क्लाइनफेल्टर सिंड्रोम (एक जादा एक्स गुणसूत्र असलेला जन्मजात विकार), दोन्ही वृषण काढलेले, पिट्युटरी निकामी झालेली, यांना बहुधा कायम. वजनामुळे कमी झालं असेल तर वजन उतरल्यावर बंद करता येऊ शकतं. रक्तातला आकडा नीट येऊनही सहा महिने ते वर्षभरात काहीच फरक वाटला नाही तर ओढत बसू नका, डॉक्टरांशी बोलून थांबवा. जे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अनडेकॅनोएट इंजेक्शन घेतात त्यांनी टोचून लगेच बाहेर पडू नये, अर्धा तास दवाखान्यातच बसावं. ते तेलकट असतं, क्वचित फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ आणि दम लागतो.