रोडवर दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, डोंगरातली छोटी ट्रेल मॅरेथॉन जमेल का? अनुभव कसा असतो आणि बूट कोणते घ्यावेत?

जमेल. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही जे जोडलंय ना, ‘रोडवर माझा पेस सहाचा आहे, ट्रेलवर सात धरू का? आणि मध्ये चालावं लागलं तर ती मॅरेथॉन धरतात का?’, त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. हा वाद आमच्या घरात दर गणपतीत निघतो आणि दर वेळी मोदक गार होतात.

आधी पेसचं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याचं, उरकते. सात नाही, आठही नाही, पेस हा आकडाच घरी ठेवून या. ट्रेलवाले अंतर मोजताना दर १०० मीटर चढाईला सपाटीचा एक किलोमीटर जास्तीचा धरतात. आमच्या मॅरेथॉनला एकूण चढाई होती साधारण १६०० मीटर. म्हणजे ४२ अधिक १६, झाले ५८. त्यात घसारा, कातळ आणि कारवीचं रान धरलेलंच नाही. दुसरा एक जुना हिशेब आहे, १८९२ सालचा, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा. पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास, असा ढोबळ. त्या हिशेबाने आमची वाट नुसती चालत गेलं तर अकरा तासांची होते. कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची मुदत, होता दहा तासांचा. म्हणजे सगळं चालून भागत नाही, सपाटी आणि उतारावर पळावंच लागतं. पण चढ पळायचीही गरज नाही. एवढं साधं गणित आहे, आणि आमच्या भावजींना ते अजून पटलेलं नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रोडवर फुल मॅरेथॉन चार तासांच्या आत काढणारा माणूस. पहाटे चारला उठणार, चार्ट बनवणार, रविवारी लाँग रन झाला की फॅमिली ग्रुपवर नकाशा टाकणार. मी बँकेत काम करते, पळायला लागले चाळिशीनंतर, आणि माझा वेग त्यांच्या भाषेत ‘गप्पा मारत चालणाऱ्यांचा’. दोघांनी एकाच ट्रेल मॅरेथॉनला नाव दिलं होतं. भोर तालुक्यात, रोहिड्याच्या बाजूला. पोस्टरबाजी नाही, स्टेज नाही, डीजे नाही. शाळेच्या पटांगणात बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटले. फुल मॅरेथॉनला तीसेक माणसं असतील, बाकीची दहा आणि एकवीसला. एकवीस किलोमीटरची एक फेरी, फुलवाल्यांनी तीच दोनदा मारायची.

हे दोन फेऱ्यांचं प्रकरण लहान ट्रेलवर बरेचदा असतं, कारण आयोजकांकडे बेचाळीस किलोमीटरभर माणसं उभी करण्याइतकं बळ नसतं. पहिली फेरी संपते तिथेच पिठलं-भाकरीचा वास येत असतो, एकवीसवाले पदक गळ्यात घालून खुर्च्यांवर बसलेले असतात, आणि तुम्ही त्यांच्यासमोरून परत डोंगराकडे वळायचं. तिथे गळणारे खूप. मनाची तयारी करायची तर तिची करा.

नोव्हेंबर संपत आला होता. भातकापणी झालेली, खाचरं मोकळी, बांधावरून पळताना पायाखाली धसकटं. पहिले चार किलोमीटर असे सोपे, आणि मग वाट एकदम डोंगराच्या अंगावर चढते. तिथे सगळ्या शहरी मंडळींनी जोर लावला. पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली चार पोरं होती, अंगात साधा टीशर्ट आणि पायात बाजारातले चार-पाचशे रुपयांचे बूट. त्यांनी काय केलं? दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कमरेत वाकून झपझप चालायला लागली. पहिल्या टप्प्यावर ती सगळ्यांच्या पुढे होती. मी त्यांच्याकडे बघून तेच केलं. भावजी शेजारून पळत गेले आणि जाताना म्हणाले, “वहिनी, मॅरेथॉन आहे, पर्वतीला आलो नाहीये आपण!”

पहिल्या फेरीअखेर ते माझ्या बरेच पुढे होते, हे कबूल. दुसऱ्या फेरीत मात्र रान रिकामं झालं. दहावाले गेले, एकवीसवाले गेले, पुढे-मागे माणूस दिसेना. वरच्या खिंडीत वाट फुटते. सरळ जाते ती ढोरवाट, रुंद, मळलेली, उताराची. मॅरेथॉनची वाट उजवीकडे कारवीत घुसते, बारीक आणि चढाची. फाट्यावर कारवीच्या फांदीला वाटेची खूण म्हणून नारिंगी रिबन होती आणि खालच्या कातळावर फक्कीचा बाण, पाय पडून पडून अर्धा पुसलेला. मी तिथे थांबले होते. मोज्यात कुसळं घुसली होती, बूट काढून एकेक उपटत बसले. तेवढ्यात मोळी घेऊन येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “तुमच्यातला एक बाप्या खाली धनगरवाड्याकडं पळत गेला. मी हाक मारली, पर कानातलं काढंना.”

निळा टीशर्ट होता का, विचारलं. होता.

शिट्टी वाजवली, उपयोग झाला नाही. मोबाइलला रेंज नव्हती. मी उजवीकडे वळले आणि पुढच्या पाण्याच्या ठिकाणी बसलेल्या पोरांना सांगितलं. ती शोधायला निघणार तोच भावजी खालून, भलत्याच बाजूने, करवंदीच्या जाळीतून वर आले. नडग्यांवर ओरखडे, बाटली रिकामी, तोंडाला मीठ साचलेलं. जवळपास तीन किलोमीटर जास्तीचे झाले होते, त्यातला निम्मा चढ. मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा खात होते. त्यांनाही दिला. त्यानंतरची चढण ते माझ्या मागून चालत आले, हात गुडघ्यांवर ठेवून, एक अक्षर न बोलता. शेवटच्या उतरणीला त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि खाली जिथे डांबरी रस्ता लागतो तिथून ते आयोजकांच्या जीपमध्ये बसले. मी दहा तासांच्या आत पोचले. माझ्यामागे फारसं कोणी नव्हतं, पण पोचले.

तर वाद हा. भावजींचं म्हणणं, रिबन नव्हती, कोणीतरी काढली होती, आयोजकांची चूक. मी म्हणते होती, मी तिच्याखाली बसले होते. ते म्हणतात, तुम्ही बसला होतात म्हणून दिसली, पळणाऱ्याला दिसली पाहिजे. आणि मग हळूच तो हुकमी पत्ता येतो: “तसंही वहिनी, तुम्ही निम्मी चाललात. त्याला ट्रेक म्हणतात.”

आता तुम्हीच प्रश्न काढलाय तर लिहूनच टाकते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ अंशांपर्यंत तिरपी केलेली ट्रेडमिल वापरून चढाई तपासली, २०१६ साली तो निबंध आला. उंची त्याच वेगाने चढायची असेल तर खड्या चढावर पळण्यापेक्षा चालायला ऊर्जा कमी लागते, असं निघालं. याची प्रिंट काढून मी गणपतीत नेली होती. भावजींनी वाचली आणि म्हणाले, ट्रेडमिलवर कारवी कुठे असते? बरं. आल्प्समध्ये मोंब्लां पर्वताला वळसा घालणारी ती प्रसिद्ध शर्यत आहे, १७० किलोमीटरच्या आसपास आणि चढाई १०,००० मीटर. तिच्यात पहिल्या दहात येणारी माणसं खड्या चढावर काठ्या टेकत चालतात. त्यांना कोणी ट्रेकर म्हणून पदक नाकारत नाही. कटऑफच्या आत, ठरलेल्या वाटेने, आपल्या पायांनी आलात की मॅरेथॉन झाली. कोण किती पावलं पळला, हे मोजायला डोंगरात कोणी बसत नाही. त्या दिवशी चारही भरतीवाली पोरं चढ चालली आणि पहिली तिन्ही बक्षिसं त्यांच्यातच गेली. यावर भावजींचं उत्तर अजून आलेलं नाही.

रिबनबद्दलही माझं मत ठाम आहे. छोट्या ट्रेलवर वाट शोधणं हे तुमचं काम. आदल्या दिवशी बांधलेली रिबन रात्रीतून गुरं चावतात, पोरं खेळायला नेतात. तीन-चारशे मीटर गेलात आणि एकही खूण नाही दिसली, तर पुढे जायचं नाही, शेवटची दिसलेली रिबन गाठायची. जीपीएस घड्याळात वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेचा नकाशा, टाकून ठेवा, आयोजक देतातच. आणि कानात काहीही घालू नका. रोडवर पुढच्याची पाठ धरून पळायची सवय लागते, ट्रेलवर ती पाठ तुम्हाला धनगरवाड्यात नेते.

तुमच्या तयारीबद्दल. चढाची भीती सगळ्यांनाच असते, मांड्या फोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसवत नाही. यावर उपाय एकच, आधी उतरण्याचा सराव. पुण्यात असाल तर सिंहगड आहेच, पायवाटेने चालत चढा, पळत उतरा, आठवड्यातून एकदा. महिन्याभरात पाय शिकतात. शर्यतीच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बोटं बुटाला आपटून काळी पडतात.

पाणी पाठीवर निदान दीड लिटर. दर दोन किलोमीटरला टेबल लावायची चैन इथे नसते. आमच्याकडे लांबच्या ठिकाणचं पाणी दुसऱ्या फेरीत संपलं होतं, ती मात्र आयोजकांची चूकच, भावजींना तेवढं मान्य करते. पण घाबरून नुसतं साधं पाणी ढोसत सुटू नका. रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस चक्रावतो, फिट येऊ शकते, आणि हे हळू, बराच वेळ पळणाऱ्यांत जास्त होतं, म्हणजे तुमच्या-माझ्यात. तहान लागेल तसं प्या. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, खजूर, चिक्की ठेवा. पळताना खायची महागडी एनर्जी जेल मला पचत नाहीत, तुमचं तुम्ही बघा.

आता थोडं उलटं बोलते. मी वर ‘जमेल’ म्हटलं ते अख्ख्या बेचाळीसला नव्हे. दोन रोड हाफवर थेट फुल ट्रेलला नाव देऊ नका, आधी कुठलीतरी एकवीस करा, आणि त्याहून आधी नुसते डोंगर चढा. बीपी, शुगर, जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. डोंगर चेष्टेवारी घेऊ नये. चीनमध्ये गान्सू प्रांतात २०२१ च्या मे महिन्यात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत हवा फिरली, गारपीट आणि वारा सुटला, आणि गारठून २१ धावपटू गेले. त्यांत तिथले नावाजलेले अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब, धावणारेही होते. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात तेवढी थंडी नसते, पण पहाटे धारेवर वारा असतो, म्हणून पातळ विंडचीटर सक्तीचा असो-नसो, घ्या. कड्याखाली आग्या मोहोळं असतात, तिथे आरडाओरडा नको, सेंट-डिओ मारून तर येऊच नका.

बुटांचं राहिलंच. तळाला चार-पाच मिलिमीटरची नक्षी असलेले ट्रेल बूट घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि शर्यतीआधी कमीत कमी महिनाभर वापरा. ब्रँड सांगत नाही, प्रत्येकाचा पंजा वेगळा. रोडचे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर आणि वाळलेल्या गवतावर सटकतात. त्या पोरांच्या पायात काय होतं ते वर लिहिलंय, पण ती लहानपणापासून त्याच वाटेने शाळेत गेलेली. मोजे सुती नकोत, घोट्याच्या वर येणारे घ्या, कुसळांचं कळेलच.

फॉर्म भरताना इमर्जन्सी कॉन्टॅक्टच्या रकान्यात घरी बसलेल्या माणसाचा नंबर द्या. भावजींनी माझा दिला होता. त्यांना जीपमध्ये घातल्यावर आयोजकांनी त्या नंबरावर फोन लावला, आणि मी तेव्हा अर्थातच रेंज नसलेल्या उतारावर होते, पळत.