पहाटे अडणारी ४०७ आणि तापल्यावर अडणारा पिकअप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे. नारायणगावहून वाशीच्या बाजारात भाजीपाला नेण्यासाठी ती वापरतो. गेल्या हिवाळ्यापासून पहाटे गाडी लवकर चालू होत नाही, बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, पंधरा-वीस वेळा मारला की मात्र लगेच चालू होते. एकदा चालू झाल्यावर दिवसभर तक्रार नसते, घाटातही ओढ चांगली आहे. टाकी भरलेली असली की त्रास कमी जाणवतो. बॅटरी नवी घातली, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले. आता फिटर मुख्य (इंजेक्शन) पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, पाठवायला सांगत आहेत. पाठवावा का?
— एक वाहनधारक, जुन्नर तालुका

उत्तर : पंप आताच उतरवू नये. आपण लिहिलेल्या लक्षणांतच दोषाची जागा बरीचशी उघड झाली आहे. पंपाचा एलिमेंट (आतला दाब तयार करणारा भाग) झिजला असता किंवा नोझल खराब असते, तर हँड प्रायमर मारल्याने गाडी तत्काळ चालू झाली नसती आणि भरल्या गाडीने घाटात ओढही दिली नसती. प्रायमरने आपण एकच गोष्ट करतो : रात्रीत रिकामी झालेली डिझेलची लाइन हाताने पुन्हा भरतो. म्हणजे गाडी उभी असताना डिझेल टाकीकडे परत उतरते आणि त्याच्या जागी लाइनमध्ये हवा शिरते, असेच समजावे.

टाकी चॅसिसला खाली असते आणि फीड पंप इंजिनाच्या बाजूला, तिच्यापेक्षा वर असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे या भागात बारीकशी फट असली तरी चालू गाडीत डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत खेचली जाते. उसाचा रस पिण्याच्या नळीला भोक पडले की जे होते, तेच येथे होते. म्हणूनच फिटरला कोठेही ओल दिसत नाही आणि संशय उगाच पंपाकडे वळतो. दिवसभर गाडी का चालते, याचेही कारण याच रचनेत आहे. फीड पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त डिझेल पुढे पाठवतो आणि उरलेले डिझेल, त्यातील थोड्याफार बुडबुड्यांसह, ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून (जादा डिझेल सोडणाऱ्या झडपेतून) टाकीत परत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की ही सोय नसते. थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की जुने रबर आखडते, डिझेलही किंचित घट्ट होते, आणि उन्हाळ्यात निभावून गेलेली फट हिवाळ्यात त्रास देऊ लागते.

खात्री करून घेण्यासाठी एक सोपी, जवळजवळ बिनखर्चाची चाचणी आहे. आज संध्याकाळी गाडी उभी केल्यावर फीड पंपाकडे येणारी टाकीची नळी सोडवावी. स्वच्छ डिझेलने भरलेला पाच लिटरचा कॅन फीड पंपापेक्षा उंच जागी पक्का बांधावा आणि त्यातून नवी, डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी फीड पंपाच्या इनलेटला जोडावी. लाइनमधील हवा काढून गाडी पाच मिनिटे चालवावी आणि बंद करून तशीच ठेवावी. पहाटे पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली, तर दोष बहुधा टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे, आधी तेथेच शोधावा. तरीही त्रास झाला, तर हा टप्पा निर्दोष ठरतो आणि फीड पंप, फिल्टर व ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह यांकडे वळावे लागते. एका रात्रीची ही चाचणी न करता पंप उतरवणे म्हणजे वाहतूकदाराचे भाड्याचे दिवस आणि पैसे दोन्ही विनाकारण घालवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकी भरलेली असताना त्रास कमी होतो, ही आपली नोंद फार मोलाची आहे. टाकीच्या आत उभी सक्शन नळी असते. वीस वर्षांच्या गाडीत तिला गंज लागून वरच्या भागात छिद्र पडू शकते. टाकी भरलेली असताना ते छिद्र डिझेलखाली राहते आणि पातळी खाली गेली की तेथून हवा शिरते. टाकी भरलेली असताना डिझेल उचलण्याची उंचीही कमी असल्याने अन्य ठिकाणची गळतीदेखील कमी जाणवते, त्यामुळे केवळ या लक्षणावरून टाकी उघडू नये. आधी बाहेरचे सांधे पाहावेत. रबरी नळी क्लिपजवळ वाकवून पाहिली की पृष्ठभागावर बारीक तडे दिसतात. क्लिपने कापलेली किंवा पाण्यासाठी वापरायची नळी कोणी घातली असेल, तर ती बदलावी. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घालावेत. जुना, दबलेला वॉशर कितीही आवळला तरी सील धरत नाही. फीड पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या वाटीचे वॉशर आणि हँड प्रायमरच्या दांड्याचे सील ही दोन ठिकाणे हमखास राहून जातात. आट्यांवर दोरा गुंडाळणे किंवा सीलंट थापणे टाळावे, कारण त्याचे तुकडे फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकून नवा दोष निर्माण करतात.

कॅन जोडूनही गाडी अडली, तर फीड पंपाचे दोन लहान व्हॉल्व्ह काढून पाहावेत. त्यांच्या बैठकीवर कचरा बसला किंवा स्प्रिंग मऊ झाली की डिझेल मागे निसटते. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली असेल, तर पंपाच्या गॅलरीतील (आत डिझेल भरून राहणाऱ्या पोकळीतील) दाब टिकत नाही. त्याच वेळी पंपावरील स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करणारा) पूर्ण मागे येतो की केबल आखडल्यामुळे अर्ध्यावर राहतो, तेही पाहावे. हवा काढताना आधी फिल्टरच्या डोक्यावरील स्क्रू आणि नंतर पंपाच्या गॅलरीवरील स्क्रू, हा क्रम ठेवावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल वाहू लागले की ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एका माणसाला उभे करावे. धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही, आणि आपल्या गाडीत हेच दिसेल अशी माझी अपेक्षा आहे. भरपूर पांढरा धूर येऊनही गाडी चालू होत नसेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. अशा वेळी कॉम्प्रेशन, टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची) फट, पंपाचे टायमिंग आणि सेल्फचा वेग तपासावा. बॅटरी नवी असली तरी इंजिनाकडे जाणारी अर्थची पट्टी गंजलेली असू शकते. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर पट्टी व तिची दोन्ही टोके साफ करावीत किंवा पट्टी बदलावी.

एक कळकळीची विनंती. एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा धरून किंवा स्प्रे मारून गाडी चालू करण्याची सवय लावू नये. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेटते, त्या धक्क्याने रिंगा तुटतात, आणि वॉशरपुरता असलेला खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो. शिवाय भडका उडून तोंड-हात भाजण्याचा धोका आहे.

प्रश्न : माझा २०१२ सालचा कॉमन रेल इंजिनाचा पिकअप सकाळी एका सेल्फला चालू होतो. डाळिंब घेऊन बाजारात गेल्यावर अर्धा-पाऊण तास बंद ठेवला, की मात्र बराच वेळ सेल्फ मारूनही चालू होत नाही. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा ठीक. मेकॅनिक चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलायला सांगतो.
— एक शेतकरी, सांगोला

उत्तर : आपला दोष वरील दोषाच्या नेमका उलट आहे, आणि पद्धतही वेगळी आहे. कॉमन रेलमध्ये सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एक सामाईक नळी, म्हणजे रेल, असते; तिच्यातील दाब साधारण दोनशे बारच्या आसपास पोहोचेपर्यंत ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडत नाही. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्न लाइनला जास्त निसटते, त्यामुळे सेल्फच्या कमी वेगावर तेवढा दाब तयार होत नाही. मात्र खराब झालेला क्रँक सेन्सरही (इंजिनाचे फेरे मोजणारा) तापल्यावर सिग्नल देणे थांबवू शकतो आणि तो इंजेक्टरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. म्हणून गाडी अडलेली असतानाच ईसीयूतील आकडे दाखवणारा स्कॅनर लावावा. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे शून्य दिसले, तर आधी सेन्सर आणि त्याचा प्लग पाहावा. फेरे दिसतात पण रेलचा दाब चढत नाही, असे आढळले तर प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडून इंजेक्टर किती डिझेल परत टाकतात याची तुलना करावी. एकच बाटली इतरांपेक्षा लवकर भरली, तर तोच इंजेक्टर बदलावा, चारही नव्हे. चारही बाटल्यांत थोडे आणि जवळपास सारखे डिझेल जमले, तर इंजेक्टर तसेच ठेवून हाय प्रेशर पंप, त्यावरील मीटरिंग युनिट (पंपाला जाणारे डिझेल कमी-जास्त करणारा भाग) आणि रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह तपासायला सांगावे. जुन्या पंपाच्या गाडीत जसा इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून पाहतात, तसे येथे कदापि करू नये. चालू इंजिनात या पाइपमध्ये हजार बारच्या पुढचा दाब असू शकतो आणि त्या दाबाने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. तशी इजा झाल्यास जखम कितीही बारीक दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.