‘मला आवडतं’पासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

“मला जर्मन शिकवायचं आहे, मग भाषाविज्ञानाचा पेपर कशाला?” असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. स्वनिम (अर्थ बदलणारा ध्वनी), रूपिम (शब्दातला सगळ्यात लहान अर्थपूर्ण तुकडा) यांच्या व्याख्या पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवायच्या असतील, तर त्यांचा वर्गात काहीच उपयोग नाही. मी तेच केलं होतं. पुढे पुण्यात शिकवू लागले तेव्हा पहिली काही वर्षं मुलांच्या वह्या लाल शाईने भरून टाकल्या. तीच चूक पुन्हा पुन्हा का होते, हे मात्र मला सांगता येत नव्हतं. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे कुठल्याही भाषेचे उच्चार लिहायची लिपी, ज्या संघटनेने घडवली, ती 1886मध्ये पॅरिसला सुरू केली भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी. पॉल पासी त्यांच्यात पुढे होते. मुलांच्या तोंडी परका उच्चार कसा बसवायचा, या रोजच्या अडचणीतून ती लिपी आली. हे शास्त्र आपल्या वर्गातलंच आहे, परकं नाही.

तेव्हा सुरुवात ध्वनींपासून कर, आणि आधी मराठीच्या. चंद्रातला च आणि चुलीतला च एकदा मोठ्याने म्हणून बघ. अक्षर एक, ध्वनी दोन. जर्मनमध्ये वेळेला ‘त्साइट’ म्हणतात. त्याच्या सुरुवातीचा ध्वनी म्हणजे जवळपास आपल्या चुलीतला च. तो प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडात जन्मापासून आहे. तरी मुलं ‘झाइट’ वाचतात, कारण स्पेलिंग दिसलं की त्यांना इंग्रजी आठवतं. तू नुसतं “चूल म्हण” असं सांग, काम होईल.

उलट बाजूही बघ. आपल्याकडे ‘बाग’ आणि ‘बाक’ हे वेगळे शब्द आहेत, शेवटचा ग आपण स्वच्छ म्हणतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन (कंठ थरथरतो ते, जसं ग) अघोष (थरथर नसलेलं, जसं क) होतं. दिवस लिहायचा ‘टाग’, म्हणायचा ‘टाक’. अनेकवचनात पुढे स्वर आला की ग परत येतो, ‘टागं’. चाकाचा शब्द आणि सल्ल्याचा शब्द लिहिताना वेगळे, कानाला दोन्ही ‘राट’. आपला मुलगा ‘टाग’ म्हणतो तो आळसाने नव्हे, मराठीशी प्रामाणिक राहून. हे कळलं की त्याच्यावर ओरडावंसं वाटत नाही. ज्या उकारावर दोन टिंबं असतात, त्याचं मुलं ‘यू’ करतात. तिथे आरसा दे. “ई म्हण, जीभ तिथेच ठेव, आता ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल कर.” जीभ आणि ओठ वेगवेगळे चालतात हे तुला माहीत असलं, तरच असं सांगता येतं.

वाक्यांकडे आलीस की मला सगळ्यात प्रिय असलेली जागा येते. ‘दास बूख गेफेल्ट मीर.’ मला पुस्तक आवडतं. ‘मीर’ म्हणजे चक्क ‘मला’. ‘मीर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. ज्याला आवडतं, ज्याला थंडी वाजते, तो दोन्ही भाषांत कर्ता होत नाही, चतुर्थीत उभा राहतो. पण वर्गात आपण हे ‘आय लाइक’मधून शिकवतो, आणि मग मुलं ‘इश गेफालं’ने वाक्य सुरू करतात. म्हणजे आवडणारी वस्तू मीच! मराठीची वाट सरळ असताना आपण त्यांना इंग्रजीच्या वळणावरून फिरवून आणतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मीही तेच करत होते. ‘कारण मी दमले आहे’मध्ये क्रियापद शेवटी, जर्मनमध्ये ‘वाइल’नंतरही शेवटी. हेही मुलांना दाखव.

लिंगाच्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘मेडशन’ म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी. वर्ग हमखास हसतो. तेव्हा लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू हे शब्द फळ्यावर लिही. सगळी ‘ते’. लहानग्याला नपुंसकलिंग देण्याची ओढ आपल्यातही आहे, आणि जर्मनमध्ये ‘-शन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की नाम नपुंसकच होतं. पण हा धागा फार ताणू नकोस. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे.

अभ्यासक्रमात तुला भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो भेटतील. 1957मध्ये त्यांनी मांडलं की मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून तुलना केली, तर अडचणी कुठे येतील याचा अंदाज बांधता येतो. वर मी जे केलं ते बरंचसं तेच. पण सगळ्या चुका तशा नसतात. ‘ट्रिंकन’ म्हणजे पिणं, त्याचं भूतकाळवाचक रूप ‘गेट्रुंकन’. मुलगी लिहिते ‘गेट्रिंक्ट’. हे मराठीतून आलेलं नाही. घरातलं छोटं मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं ना, तसंच हे. तिला नियम समजलाय, अपवाद अजून ठाऊक नाही. पिट कॉर्डर यांनी 1967मध्ये हेच दाखवून दिलं, की चूक ही शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या रचनेची खूण असते. शिकणारा मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मध्ये स्वतःची जी भाषा रचत असतो, तिला लॅरी सेलिंकर यांनी 1972मध्ये ‘अंतरभाषा’ म्हटलं. परीक्षेसाठी सालं लक्षात ठेव. वर्गासाठी एवढं कर, की ‘गेट्रिंक्ट’ लिहिणाऱ्या मुलीला आधी “नियम बरोबर लावलास” असं सांग.

आता एक काम देते. दोनशे पानी वही घे. तू ज्या मुलांची शिकवणी घेतेस त्यांच्या चुका जशाच्या तशा उतरव, दुरुस्त न करता. शेजारी लिही, ही मराठीतून आली, इंग्रजीतून आली, की जर्मनचाच नियम जास्त ताणल्यामुळे झाली. जिथे ठरवता येणार नाही तिथे जागा कोरी सोड आणि पेपरची पुस्तकं त्या कोऱ्या जागांसाठी उघड. पहिल्या वीस चुका झाल्या की वही घेऊन घरी ये. कोऱ्या जागा आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
बाई