आईच्या हातातला लाल पेन

"ताई, मी २६ वर्षांची आहे. इंदूरला एका खासगी शाळेत दोन वर्षांपासून सायन्स शिकवते. सातवीचे दोन सेक्शन, आठवीचे दोन, प्रत्येकात ४२ मुलं. सोमवार ते शनिवार साडेसात ते दोन शाळा. मागच्या महिन्यात एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने सहज विचारलं, 'तुला कसली आवड आहे?' आणि मला काही सुचेचना. माझी आईच मध्ये बोलली, 'हिला शाळेपुढे काही दिसत नाही हो, आवडीबिवडी काही नाहीत.' चार लोकांसमोर असं बोलल्याचा मला फार राग आला. तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. कॉलेजात असताना मी वॉटरकलर करायचे, पण आता ट्यूबा वाळून गेल्या असतील. शुक्रवारी-शनिवारी कॉप्यांच्या (वह्यांच्या) पिशव्या स्कूटीवर घरी आणते, त्या मन लावून तपासते. रविवारी आई पण बसते माझ्याजवळ, सोप्या पानांवर टिक करून देते. म्हणजे एरवी आमचं नातं वाईट नाही. पण तिनं मला असं सगळ्यांसमोर पाडावं का? आणि फार वेळ लागणार नाही असा कुठला छंद मी लावून घेऊ?"

— एक वाचक, इंदूर

अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू नातं चांगलं आहे हे दाखवायला म्हणून लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. रविवारी आई शेजारी बसून टिक करते.

आईने त्या दिवशी पाहुण्यांना जे सांगितलं ते खरं आहे. तिला ते ठाऊक आहे, कारण तुझे रविवार कसे जातात हे तिच्याइतकं जवळून कुणी पाहत नाही. तिचेही रविवार त्यातच जातात. धुसफूस दोघींचीही आहे आणि तिचं मूळ त्या पिशव्यांत आहे, तेव्हा रागाचा विषय इथेच मिटव. तिच्याशी आजच बोल.

आता त्या टिक करण्याकडे नीट बघ. तुझी आई सातवी-आठवीचं सायन्स शिकवत नाही. तरी तिला ज्या पानांवर बरोबरची खूण करता येते, ती पानं कसली असतील? फळ्यावरून उतरवलेली प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा, जोड्या लावा. म्हणजे तुझीच वाक्यं ४२ अक्षरांत ४२ वेळा. ती तपासून तुला मुलाविषयी काही कळत नाही आणि मुलाला सायन्सविषयी काही कळत नाही. जी खूण आईला करता येते ती मुलाला स्वतःला करता येते, आणि ती त्यानेच करायला हवी. वह्यांतलं निम्म्याहून जास्त काम तुझं नव्हतंच. दोन वर्षं तू ते ओढून घरी आणलंस आणि त्याला मन लावणं म्हणालीस. मन लावण्याची जागा वेगळी आहे.

हिशोब करू. ४ सेक्शन, ४२ मुलं, १६८ वह्या. एका वहीला ३ मिनिटं धर, त्याहून कमी तुला लागत नसणार. ५०४ मिनिटं झाली, म्हणजे ८ तास २४ मिनिटं. तुझी शाळा आठवड्याला ३९ तास. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि ते तयारीच्या वेळेसह आहेत. आकडा किमान आहे, मान्य. पण तयारी हा कामाचाच भाग आहे हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुझ्याकडे उरतात ६ तास आणि ते सगळे वह्या खाऊन टाकतात. उद्याचा पाठ कसा शिकवायचा याचा विचार तू कधी करतेस? (त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असा हिशोब आहे. तुझ्या वर्गातली ४२ मुलं त्यात बसत नाहीत, पण तो प्रश्न तुझ्या एकटीच्या हातातला नाही. पिशव्या तुझ्या हातातल्या आहेत.)

मी तुला एकच गोष्ट करायला सांगणार आहे. येत्या शुक्रवारपासून एकही वही घरी आणायची नाही. "थोड्या आणते" नाही, "परीक्षेपुरत्या" नाही. एकही नाही.

हे जमतं, मात्र पद्धत बदलावी लागते. फळ्यावरून उतरवलेलं आणि एकाच शब्दाचं उत्तर असलेलं सगळं मुलं वर्गातच तपासतील, हिरव्या पेनाने. तपासणी सुरू करण्याआधी निळं पेन टोपण लावून कंपासपेटीत गेलं पाहिजे आणि बाकावर फक्त हिरवं दिसलं पाहिजे. हे पाळलं नाही तर मुलं तपासता तपासता उत्तर बदलतात आणि सगळा खेळ वाया जातो. चुकलेलं खोडरबरने पुसायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर उत्तर, दोन्ही दिसायला हवीत. पहिले दोन आठवडे याला १०-१२ मिनिटं लागतील, गोंधळ होईल, तुला वाटेल की हे काही खरं नाही. सोडू नकोस. सवय झाली की ५-६ मिनिटांत उरकतं. वह्या अदलाबदल करून तपासायच्या असतील तर शेजाऱ्याला देऊ नकोस, मैत्री सगळ्यावर बरोबरची खूण करते. वह्या एक बाक मागे सरकव, आणि तिथली तपासणी पेन्सिलने. आणि गुण मोठ्याने विचारायचे नाहीत. ज्याचे कमी येतात तो पुढच्या वेळी वहीच आणत नाही.

तुझं खरं काम कुठे आहे ते आता बघ. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं उत्तर, नावं दिलेली आकृती, गणितात लिहिलेलं किंवा गाळलेलं एकक. ही पानं आईला तपासता येणार नाहीत. यांच्यासाठी रोज ९ वह्या, शाळेतल्या मोकळ्या तासात. ९ वह्यांना २७ मिनिटं लागतात, तास ४० मिनिटांचा असला तरी पाणी प्यायला वेळ उरतो. पाच दिवसांत एक सेक्शन संपतो, शनिवार राखीव. चार आठवड्यांत चारही सेक्शन. प्रत्येक मुलाची वही महिन्यातून एकदा तू खरोखर वाचलेली असेल, आणि ते दर आठवड्याच्या पळत्या सहीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. वाचताना तीन चुकांवर सहा चुकांइतकं लिहू नकोस. एकच चूक निवड, तिच्याखाली एक प्रश्न लिही, आणि मुलाने त्याचं उत्तर त्याच पानावर लिहिलं का ते पुढच्या फेरीत आधी बघ. नाहीतर लाल शाई कुणी वाचत नाही.

मोकळ्या तासात अरेंजमेंट, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळणं, लागणार, हे इंदूरच काय, कुठल्याही शाळेत चुकत नाही. त्या ९ वह्या घेऊन अरेंजमेंटच्या वर्गात जा. मुलांना धडा वाचायला दे आणि मागच्या बाकावर बसून तपास. मागे बसलीस की पुढच्यांची पाठ दिसते आणि कुणी बोलतंय ते लगेच कळतं.

बाकीच्या तीन सेक्शनकडे त्या आठवड्यात दुर्लक्ष होतं असं वाटेल. होत नाही. मुलं लिहीत असताना टेबलामागे बसू नकोस. एका तासाला एक रांग धर, १०-११ मुलं, प्रत्येकाजवळ साधारण एक मिनिट. एकच उत्तर वाच, तारीख घाल, पुढे हो. चार तासांत चार रांगा होतात. मुलं जागा बदलतात म्हणून रांग ठरलेल्या दिवशीच घे आणि राहिलेल्यांचे रोल नंबर लगेच टिपून ठेव.

आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक सेक्शनला एक चिठ्ठी. वहीच्या पानाचा चौथा भाग, एक प्रश्न, तास संपायच्या चार मिनिटं आधी. प्रश्न असा हवा की पाठ केलेलं वाक्य उपयोगाला येणार नाही. वहीत सगळ्यांनी लिहिलेलं असतं की अ‍ॅसिडमध्ये निळा लिटमस लाल होतो. तू विचार: एका द्रवात निळा लिटमस निळाच राहिला, तर तो द्रव बेस आहे असं म्हणता येईल का, आणि का? चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे कर. "नाही, न्यूट्रलही असू शकतो, लाल लिटमस घालून बघावं लागेल" हा एक. "हो" म्हणणारे दुसरा. कोरे आणि भलतेच तिसरा. ४२ चिठ्ठ्या लावायला सात-आठ मिनिटं लागतात. दुसरा गठ्ठा मोठा निघाला तर दुसऱ्या दिवशी नवा भाग सुरू करायचा नाही. मिठाचं पाणी आणि दोन्ही रंगांच्या लिटमसपट्ट्या घेऊन वर्गात जायचं. त्या चिठ्ठ्यांवर सही करू नकोस, गुण देऊ नकोस. ४२ वह्यांवरच्या टिकच्या खुणा तुला इतकं कधीही सांगणार नाहीत.

कोऑर्डिनेटर मॅडम कॉपीचेकिंगला येतात तेव्हा त्या काय बघतात हे तुला माहीत आहे: अनुक्रमणिका पूर्ण आहे का, तारखा आहेत का, कोरी पानं सुटली आहेत का. हे सगळं या पद्धतीत राहतं. अनुक्रमणिकेची जबाबदारी मुलांवर टाक आणि महिन्याच्या वाचनात सही तिथेच कर. मॅडमकडे "मला वह्या जास्त होतात" म्हणून जाऊ नकोस. महिन्याचं वेळापत्रक एका पानावर लिहून ने, कुठल्या आठवड्यात कुठला सेक्शन, कुठल्या दिवशी कुठली रांग. तक्रारीला सगळीकडून नकार येतो. तयार वेळापत्रकाला बहुतेक जण मान हलवतात, किंवा फार तर एक बदल सुचवतात. तो बदल मान्य कर. दर आठवड्याला चारही सेक्शनच्या सगळ्या वह्या लाल दिसल्या पाहिजेत असं त्या म्हणाल्या, तर एका सेक्शनपुरता एक महिना करून दाखवते म्हण आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुरावा म्हणून ठेव. पालक-सभेत कुणी विचारेलच की आमच्या मुलाची कॉपी का चेक नाही. त्यासाठी प्रत्येक वहीच्या पहिल्या कव्हरला आतून अर्धं पान चिकटव: हिरवं मुलाचं, पेन्सिल मागच्या बाकाची, लाल माझं.

वह्या वर्गातल्या कपाटात राहतील. किल्ली तुझ्याकडे आणि एक मॉनिटरकडे.

आता छंद. कमी वेळ लागणारा छंद शोधूच नकोस. तुला एक येतो, तोच कर. त्या ट्यूबा फेकू नकोस. वॉटरकलर डिंकात बांधलेला असतो आणि वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. (पोस्टर कलर असतील तर मात्र टाकून दे, ते तडकतात आणि नीट परत येत नाहीत.) ट्यूब पाठीवरून ब्लेडने उभी चीर, खडा काढून पॅलेटच्या खणात दाब, दोन-तीन थेंब पाणी आणि एक थेंब ग्लिसरीन घाल, झाकून रात्रभर ठेव. बुरशीचा वास आला तरच फेक. तीन रंग बाहेर काढ, जास्त नको: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पहिल्या दोघांपासून हलक्या करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं निघतं, आणि इंदूरच्या दगडाला-लाकडाला हेच लागतं. ८ नंबरचा एक गोल ब्रश. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घे, छोटा, वहीच्या पानाएवढा. साधी ड्रॉइंग शीट पाण्याने फुगते, रंग खड्ड्यांत साचतो आणि माणूस समजतो की आपला हात गेला. हात गेलेला नसतो.

रविवारी सकाळी सातला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या स्मारकांपाशी, जा. राजवाडा हवा असेल तर सातही मजले काढायच्या भानगडीत पडू नकोस. खालचे तीन दगडी मजले आणि वरचे चार लाकडी, एवढं एका कागदावर पहिल्या दिवशी कुणालाही पेलत नाही. लाकडी मजल्यावरची एक खिडकी घे, तिची सावली आधी ठेव. उन्हाळ्यात आपल्याकडे कागद भराभर वाळतो, म्हणून मोठा हलका थर आधी एका दमात आणि बारीक काम नंतर. याच शहरात १९१० साली जन्मलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथल्याच चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले आणि निसर्गचित्रांनी नावारूपाला आले. चित्रकार विष्णू चिंचाळकरही त्याच मास्तरांचे विद्यार्थी. तू ज्या रस्त्यांवरून वह्यांच्या पिशव्या सांभाळत स्कूटी नेतेस, त्या शहरात चित्र काढायला विषय कमी पडणार नाहीत.

आईला बरोबर चल म्हण, पण ओढू नकोस. तिचा रविवार मोकळा होतोय, त्याचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे तीन कामं आहेत: ४२ हिरवी पेनं प्रत्येक वर्गाला आणायला सांगणं, कपाटाची दुसरी किल्ली करून घेणं आणि मॅडमच्या टेबलावर ते एक पान ठेवणं. आज ज्या वह्या घरी आहेत त्या न तपासलेल्या असल्या तरी उद्या सकाळी परत ने, आणि पहिल्या तासाला मुलांच्या हातात हिरवं पेन दे.