रोमँटिक रोड : कमी गावे, अधिक मुक्काम

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला असते. सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. तेथून मोटारीने ‘रोमँटिक रोड’वरील जुनी गावे निवांतपणे पाहण्याची इच्छा आहे. चार दिवसांत व्युर्ट्सबुर्गपासून फ्युसनपर्यंतचा सर्व मार्ग करावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करता येईल, पण करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. १९५० मध्ये पर्यटनासाठी आखलेला हा मार्ग सुमारे साडेचारशे किलोमीटरचा आहे. तो चार दिवसांत उरकायचा म्हटले, तर गावे केवळ गाडीच्या काचेतून दिसतील. आपण रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल आणि न्योर्डलिंगन ही तटबंदी शाबूत असलेली तीनच गावे निवडावीत. एकातून दुसऱ्यात जायला तासभर पुरतो.

रोथेनबुर्गमध्ये दिवसा सहलीच्या बसगाड्यांमुळे फार गर्दी होते आणि संध्याकाळी ती ओसरते. म्हणून मुक्काम वेशीच्या आतच करावा. ३१ मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात गावाचा पूर्वेकडील भाग उद्ध्वस्त झाला होता. तटाच्या दुरुस्तीला जगभरातून देणग्या आल्या, आणि लाकडी छपराखालून तटावर चालताना त्या देणगीदारांची नावे भिंतीतील दगडांवर वाचता येतात. संत याकोबच्या चर्चमधील शिल्पकार रीमेनश्नायडरची कोरीव लाकडी वेदी पाहायला सवड ठेवावी. डिंकेल्सब्यूल युद्धातून जवळजवळ सुखरूप वाचले. तेथे ठरवून काही न पाहता नुसते हिंडावे.

माझा खरा ओढा मात्र न्योर्डलिंगनकडे आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून पडलेल्या, चोवीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या विवरात हे गाव वसले आहे. (आपल्या लोणारचे विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचे आहे.) संत गेऑर्गचे चर्च ज्या करड्या दगडाचे आहे, तो दगड त्या आघातातूनच तयार झाला, जवळून पाहिल्यास त्यात वितळून काचेसारखे झालेले काळसर तुकडे दिसतात, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरेही त्यात आहेत. याच परिसरात १९७० मध्ये अपोलो-१४ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी खडक ओळखण्याचे प्रशिक्षण घेतले. चर्चचा ‘डॅनिएल’ नावाचा मनोरा सुमारे नव्वद मीटर उंच असून वर जायला साडेतीनशे पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील, तर अवश्य चढावे. वरून लाल कौलांचे गोल गाव आणि पलीकडे विवराची कडा एकाच नजरेत येते. चढणे शक्य नसेल, तर तटावरून गावाला पूर्ण फेरी मारावी.

फ्युसनजवळचा न्यूश्वानस्टाइनचा राजवाडा या खेपेस सोडून द्यावा. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा. फलक वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे लागणारे जिन्नस शनिवारीच घेऊन ठेवावेत.