बावन्न सुया

"मागच्या डॉक्टरनं चुकीचा आजार सांगितला, आता याचं तरी खरं कसं मानायचं?" रुग्णालयात समुपदेशन करताना हे महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते मी. तयार उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एक केस सांगते, नाव अन् तपशील बदललेत.

सुमन चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातली. ग्रामीण रुग्णालयात माझ्यासमोर बसली तेव्हा पोराचा नवा रिपोर्ट हातात होता, सिकलसेल, एसएस, म्हणजे पूर्ण आजार. पोरगा 9 वर्षांचा, आणि आधीची 3 वर्षं त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू, कारण सांधे सुजतात, ताप येतो, छातीत आवाज येतो म्हणून एका डॉक्टरनं वाताचा ताप आहे, हार्टवर जाईल असं सांगितलेलं.

"बावन सुया झाल्या मॅडम, मोजल्या मी. सुईचा दिवस आला का पोरगं बांधीत जाऊन लपे, अन् मीच त्याले ओढत नेत होती."

मी काय बोलावं? "जे झालं ते झालं, आता पुढचं बघू." ती भडकलीच. "तुमचं काय जाते म्हनाले!" बरोबर होतं तिचं. मग मी गप्प बसले, कोरा कागद घेतला अन् तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.

वर्षाचा असताना हातापायाचे पंजे सुजले, कोणी म्हणे मुका मार. मग डोळे पिवळे, तर काविळीची माळ घातली. एकदा तापात भरती केलं, रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. आणि दुखणं उठायचं ते रोवणीत पावसात भिजला की, नाहीतर कडक थंडीत. हे तर तिला कधीचं ठाऊक होतं! डॉक्टरला सांगितलं नाहीस का, विचारलं तर, "सांगाले गेली तर म्हने, डॉक्टर तू हायेस का मी?"

एकेकाला एकेक तुकडा दिसला, सगळं एका कागदावर कधी आलंच नाही. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात तिथं दुखतं, लवकर फुटतात म्हणून रक्त कमी अन् डोळे पिवळे. रक्त फार कमी असलं की चांगल्या हृदयातही आवाज येऊ शकतो, त्यामुळं सुरुवातीची चूक मी समजू शकते, पण आपल्या भागात एवढा सिकलसेल असताना साधी सोल्युबिलिटी टेस्टही, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्तचाचणी, न करता 3 वर्षं सुया टोचणं मला नाही समजत, आणि हे मी तिच्यासमोर बोलले. 'तुझी चूक नाही' दहादा म्हणून जे झालं नसतं ते त्या कागदानं झालं, ती रडली, मग चहा प्यायली.

तरी पंधरा दिवसांनी कळलं, सिकलसेलसाठी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या डब्यातच! चुकीच्या निदानाचं खरं नुकसान मला इथं दिसतं, सुया थांबल्या पण बरोबर औषधही घशाखाली उतरेना. मी तिला म्हटलं, विश्वास नको ठेवू, विचार. हे कशावरून पक्कं? दुसरं काही असू शकते का? फरक नाही पडला तर कधी यायचं? तिनं विचारलं. इथल्या डॉक्टर बऱ्या होत्या, निदान पक्कं करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीचा कागद उघडून दाखवला, गोळ्या चालू असेपर्यंत ठरावीक काळानं रक्त तपासत राहू म्हणाल्या. त्या रात्री पहिली गोळी दिली.

मध्येच लहान पोरीची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली अन् नवरा म्हणे हिचंबी गेलं. अहो, ती टेस्ट वाहक अन् आजारी यात फरकच सांगत नाही! पुढची तपासणी केली, एएस निघाली, म्हणजे फक्त वाहक, गुण अंगात पण आजार नाही, औषध नको, लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी तेवढी करायची. एक चूक निस्तरताना दुसरी होता होता राहिली.

नवऱ्याला केस करायची होती. मी अडवलं नाही. भरतीचे कागद आधी माग म्हटलं, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमानं मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. कागद मिळाले, केसचं अजून ठरत नाही.

पोरगा शाळेत जातो, पाण्याची बाटली गळ्यात, पावसात भिजायला बंदी. सुमन दर महिन्याला येते. नवरा मात्र तालुक्याला गेला की त्या जुन्या डॉक्टरच्या दवाखान्याचा रस्ता टाळतो, गाडी मागच्या गल्लीतून फिरवून नेतो.